विजेशिवाय वाजणारा रेडिओ आणि त्याचे जुने कान

आपल्या छंदांच्या सदरात आज एक असा छंद, ज्यात दिल्लीच्या भंगार बाजारातली एक वस्तू आणि आजोबांच्या काळातली एक जादू एकत्र येतात.

घरातल्या एखाद्या लहान मुलाला विचारून बघा, रेडिओ वाजायला काय लागतं? उत्तर येईल, सेल लागतात, नाहीतर चार्जर लागतो. आता त्याला सांगा की यातलं काहीच न लागणारा रेडिओ असतो. सेल नाही, प्लग नाही, सोलर पॅनल नाही. लागते ती एक लांब तार, तारेचं एक वेटोळं, स्टेशन जुळवायचा एक गँग कंडेन्सर, तांदळाच्या दाण्याएवढा एक डायोड आणि कानाला लावायला हेडफोन. याला म्हणतात क्रिस्टल रेडिओ. आपल्या आईबाबांच्या पिढीतल्या अनेकांनी तो शाळेत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी बनवलेला असतो. विचारा, डोळे चमकतील.

हा रेडिओ चालतो कशावर? तर आकाशवाणीच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरीवरच. मनोरा हवेत जी ऊर्जा सोडतो, तिचा अगदी कणभर भाग आपल्या तारेत उतरतो. डायोड तिच्यातून आवाजाचा भाग वेगळा काढतो आणि तेवढ्याच ऊर्जेवर हेडफोनची चकती थरथरते. आवाज वाढवणारं मध्ये काहीच नसतं. एका वॅटचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोवॅट, आणि हा सगळा खेळ त्याच्या आसपास चालतो. आपला नेहमीचा एलईडी बल्ब नऊ वॅटचा असतो, यावरून अंदाज घ्या.

म्हणूनच या रेडिओत सगळ्यात महत्त्वाचा भाग डायोड नाही, वेटोळंही नाही. महत्त्वाचा भाग म्हणजे हेडफोन. आणि गंमत म्हणजे या कामाला आजचे महागडे हेडफोन चालत नाहीत. शंभर वर्षांपूर्वीचे, बेकेलाइटच्या डब्या आणि कापडी वेणीची वायर असलेले हेडफोनच इथे राजा ठरतात. त्यामुळे जगभरात आणि आपल्याकडेही क्रिस्टल रेडिओ ऐकणारी मंडळी जुने हेडफोन शोधत, जमवत फिरतात.

नवे हेडफोन का चालत नाहीत?

तुमच्या मोबाईलच्या इअरफोनच्या डबीवर बारीक अक्षरात १६ ओहम किंवा ३२ ओहम असं लिहिलेलं असतं. म्हणजे त्यात तार थोडी आणि वीज जास्त घेण्याची सवय. मोबाईलमध्ये बॅटरी आहे, त्यामुळे बिघडत नाही. क्रिस्टल रेडिओकडे मात्र देण्यासारखं काही नसतं. त्याला असा इअरफोन जोडला की विहिरीत पाणी कमी असताना मोठा पंप लावल्यासारखं होतं. सगळा जोर तिथेच बसतो आणि ऐकू काहीच येत नाही.

जुन्या हेडफोनवर २००० ओहम किंवा ४००० ओहम असा आकडा कोरलेला असतो. आत एक कायमचा लोहचुंबक असतो. त्याच्या टोकांवर केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे गुंडाळलेले असतात. वर लोखंडाची पातळ चकती चुंबकाला जवळजवळ टेकेल अशी बसवलेली असते. वीज कितीही थोडी आली तरी ती हजारो वेळा फिरते, त्यामुळे चुंबकाची ओढ बदलते आणि चकती हलते. थोडक्यात भागवायची कला म्हणा ना. आपल्या आज्या एका पळी तेलात सगळ्यांची भाजी करायच्या, तसंच.

एक गोष्ट लक्षात ठेवा. २००० ओहमच्या जोडीत बहुतेक वेळा एका कानाला १००० आणि दुसऱ्याला १००० असे दोन भाग एकापाठोपाठ जोडलेले असतात. पुढे तपासणी करताना हा हिशोब उपयोगी पडतो.

स्वयंपाकघरात जन्मलेला हेडफोन

हेडफोनच्या इतिहासातलं एक नाव मला फार आवडतं, नॅथॅनिएल बाल्डविन. अमेरिकेतल्या युटा राज्यातला हा माणूस. भल्यामोठ्या प्रार्थनागृहात शेवटच्या रांगांपर्यंत प्रवचन नीट पोचत नाही, याचा त्याला त्रास व्हायचा. त्यातून आवाज ऐकण्याच्या साधनांवर त्याचे प्रयोग सुरू झाले. १९१० मध्ये त्याने आपला नमुना अमेरिकेच्या नौदलाकडे पाठवला. नौदलाने तपासला तर तो त्यांच्याकडच्या साधनांपेक्षा कितीतरी सरस निघाला. त्यांनी मागणी नोंदवली, तेव्हा त्याने कळवलं की एका वेळी थोडेच बनवता येतील, कारण काम घरच्या स्वयंपाकघरात चालतं.

त्याची युक्ती वेगळी होती. त्याने लोखंडी चकतीऐवजी अभ्रकाची चकती घेतली. चुंबकाच्या मधोमध तोलून धरलेली लोखंडाची एक छोटी पट्टी बसवली आणि ती बारीक दांडीने अभ्रकाला जोडली. पट्टी तोललेली असल्यामुळे अगदी थोड्या विजेतही ती डुलते. आजही क्रिस्टल रेडिओवाल्यांत बाल्डविनच्या जोडीला मान आहे. पुढे त्याचा मोठा कारखाना झाला आणि नंतर दिवाळंही निघालं. पण त्याची तोललेल्या पट्टीची कल्पना टिकून राहिली.

त्याच काळात अमेरिकेत ब्रँडिस कंपनीचे 'सुपीरियर' आणि इंग्लंडमध्ये एस. जी. ब्राउन यांचे 'टाइप ए' हेडफोन गाजले. ब्राउनच्या डबीमागे एक स्क्रू असतो. तो फिरवून आतली पत्ती चुंबकाच्या जवळ किंवा लांब नेता येते, म्हणजे आपल्या कानाला हवं तसं जुळवता येतं. मात्र सावध राहा, ब्राउनचे दिसायला सारखेच असलेले काही जोड १२० ओहमचे आहेत. आकडा वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

आपल्याकडे हे कान कुठून आले?

या गोष्टीत भारताचा हक्काचा वाटा आहे. गॅलेना नावाच्या खनिजाचा खडा लहरी ओळखू शकतो, हे जगदीशचंद्र बोस यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांनी १९०१ मध्ये अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला आणि १९०४ मध्ये ते मिळालं. क्रिस्टल रेडिओतला 'क्रिस्टल' म्हणजे हाच खडा. त्यावर बारीक तारेचं टोक टेकवून नेमकी जागा शोधायची, की आवाज येऊ लागे. आजचा डायोड म्हणजे त्याचा बंद डबीतला वारसदार.

प्रसारणाची सुरुवातही मराठी मुलखातली. ऑगस्ट १९२१ मध्ये मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाच्या कचेरीतून संगीत प्रसारित झालं आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी ते पुण्यात ऐकलं. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम सुरू केले. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं, फक्त दीड किलोवॅटचं. मनोऱ्याजवळ राहणाऱ्यांचं क्रिस्टल सेटवर भागायचं, लांबच्यांना वाल्वचा महागडा सेट घ्यावा लागायचा. त्यावर वर्षाला दहा रुपये परवाना फी होती. तेव्हा ही रक्कम लहान नव्हती. परवाने काढणारे थोडेच निघाले आणि १९३० मध्ये कंपनी गुंडाळावी लागली.

दिल्लीत रेडिओ आला तो १ जानेवारी १९३६ ला, १८, अलीपूर रोडवरच्या एका बंगल्यातून. त्याच वर्षी ८ जूनला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळालं.

सुरुवातीच्या त्या काळात घरात एकच हेडफोन आणि ऐकणारे चारजण असले की लोक दोन डब्या पट्टीवरून काढून एक याला, एक त्याला देत. आणखी एक युक्ती होती. हेडफोन एखाद्या वाडग्यात उलटा ठेवायचा, म्हणजे वाडगा घुमतो आणि जवळ बसलेल्यांना पुसटसं ऐकू येतं. आपल्या पितळी पातेल्यातही ही गंमत करून बघण्यासारखी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हेडफोनची दुसरी लाट आली. लष्कराचं उरलेलं सामान विकायला निघालं आणि बाजारात त्याला 'डिस्पोजलचा माल' हे नाव पडलं. त्यात ब्रिटिश बनावटीचे डीएलआर नावाचे हेडफोन होते. यांचे ओहम कमी असतात, पण आत तोललेल्या पट्टीचीच रचना असल्याने ते फार संवेदनशील असतात. मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर टाकला की क्रिस्टल रेडिओवर उत्तम चालतात.

युद्धातली एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १९४४ मध्ये इटलीत अँझिओला अडकलेल्या सैनिकांनी दाढीचं पातं आणि पेन्सिलीचं शिसं वापरून डायोडचं काम भागवलं होतं. वेटोळं हाताने गुंडाळता येतं, तार कुठूनही मिळते. पण हेडफोन मात्र कुठूनतरी मिळवावाच लागे. तो घरी बनवणं सोपं नाही, तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही.

दिल्लीत शोधायचं कुठे?

लाल किल्ल्यासमोर, चांदणी चौकाच्या तोंडाशी लाजपतराय मार्केट आहे. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या लोकांसाठी वसवलेला हा बाजार पुढे रेडिओ, टीव्ही आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं माहेरघर बनला. गँग कंडेन्सर, जर्मेनियम डायोड, फेराइटची दांडी, एनॅमलची तार हे सगळं इथे विचारायचं. जानेवारी २०२२ मध्ये इथे मोठी आग लागली आणि बरीच दुकानं जळाली. जुना माल अशा वेळी कायमचा जातो, कारण तो पुन्हा कुठल्याच कारखान्यात बनत नाही.

मी तिथे जुन्या हेडफोनची चौकशी केली, तेव्हा एका वयस्क दुकानदारांनी आधी मला ब्लूटूथचे हेडफोन दाखवले. "नाही काका, दोन हजार ओहमवाले," म्हटल्यावर ते हसले आणि हिंदीत म्हणाले, "बेटा, वो तो हमारे पिताजी बेचते थे." मग त्यांनी शेजारच्या गल्लीतल्या एका मिस्त्रींचा पत्ता दिला. इथली खरेदी अशीच होते, एकाकडून दुसऱ्याकडे. घाईत असलात तर जाऊच नका. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेही लक्षात ठेवा.

रविवारी लाल किल्ला आणि जामा मशिदीच्या परिसरात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे चादरीवर पसरलेल्या चार्जर-रिमोटच्या ढिगात कधीकधी एखादा जोड दिसतो. किंमत माणूस बघून सांगितली जाते, त्यामुळे बेकेलाइटची डबी दिसली की लगेच आनंदाने ओरडू नका.

एक वाईट गोष्टही सांगायला हवी. दिल्लीतला जुना इलेक्ट्रॉनिक कचरा मोठ्या प्रमाणावर सीलमपूरला फोडला जातो आणि मायापुरीत धातूचं भंगार जमतं. तिथे हेडफोन म्हणजे फक्त वजन. त्यातून मिळणारं तांबं काही ग्रॅमच असतं, पण ते काढण्यासाठी जोड कायमचा मोडतो. म्हणून घरातली जुनी वस्तू भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा.

भंगाराबाबत एक इशारा. एप्रिल २०१० मध्ये मायापुरीत भंगारात आलेल्या जुन्या उपकरणातल्या कोबाल्ट-६० मुळे किरणोत्सर्गाचा अपघात झाला होता आणि त्यात एकाचा जीव गेला. हेडफोनमध्ये असं काही नसतं. पण युद्धकाळातल्या काही लष्करी उपकरणांच्या तबकडीवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असतो. हेडफोनसोबत असा एखादा मीटर 'फ्री' मिळत असेल, तर नको म्हणा. तो घरात आणून खरवडणं तर अजिबात नको.

हेडफोन मिळाला नाही तर?

हताश होऊ नका, तीन चांगले पर्याय आहेत.

पहिला, जुना डायलचा फोन. आपल्या घरोघरी जे काळे, जड फोन होते, त्यांपैकी बरेच बंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचे होते. १९४८ मध्ये सुरू झालेली ही सरकारी कंपनी. त्या फोनच्या कानाकडच्या भागातली गोल डबी चांगली संवेदनशील असते. ओहम कमी असतात, म्हणून ट्रान्सफॉर्मर लागतो.

दुसरा, जहाजावरचा फोन. जहाजांवर विजेशिवाय चालणारे फोन असतात. बोलणाऱ्याच्या आवाजानेच वीज तयार होते आणि पलीकडे ऐकू येतं. क्रिस्टल रेडिओवाल्यांना यांचे ऐकायचे भाग सोन्यासारखे वाटतात. जहाजं तोडण्याचं काम मुंबईत दारूखान्याला आणि गुजरातेत अलंगला चालतं. अलंगच्या रस्त्यावर जहाजांतून निघालेल्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. तिकडे कोणी नातेवाईक असतील तर कानावर घालून ठेवा.

तिसरा, कानात घालायचा छोटा क्रिस्टल इअरप्लग. हा स्वस्त असतो आणि शाळेच्या प्रयोगाला पुरतो. याच्या दोन टोकांना समांतर एक ४७ किलोओहमचा रेझिस्टर जोडायचा, नाहीतर आवाज अडकल्यासारखा येतो.

ट्रान्सफॉर्मरसाठी लांब जायला नको. लग्नसमारंभात, देवळात भोंगे लावणाऱ्यांच्या दुकानात 'लाईन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर' मिळतो, तो इथे छान चालतो. त्याची जास्त फेऱ्यांची बाजू रेडिओकडे आणि स्पीकरची बाजू हेडफोनकडे. हा किंवा दुसरा कुठलाही ट्रान्सफॉर्मर या कामात भिंतीतल्या प्लगला लावायचा नाही, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगा.

दुकानातच तपासा

साधा मल्टिमीटर सोबत न्या. ओहमवर ठेवून हेडफोनच्या दोन टोकांना लावा. २००० च्या जोडीला साधारण २००० दाखवलं आणि कानात 'टक' असा आवाज आला, की अर्धी लढाई जिंकली. काहीच दाखवलं नाही, तर लगेच टाकाऊ समजू नका. बहुतेक वेळा आतलं वेटोळं शाबूत असतं आणि कापडी वेणीची वायर तुटलेली असते. डबीवरच्या स्क्रूंना थेट मीटर लावून प्रत्येक कान वेगळा तपासा. इथेच भावही उतरवता येतो. 'मेलेला' म्हणून स्वस्तात मिळालेला जोड नवी वायर लावल्यावर बोलू लागतो.

दुसरी तपासणी घरी मुलांसोबत करा. लिंबाच्या फोडीत एक तांब्याची तार आणि एक जस्ताचा मुलामा असलेला खिळा खोचा. हेडफोनची टोकं त्यांना क्षणभर टेकवा. लिंबाच्या त्या किरकोळ विजेवरही कानात खणखणीत 'टक' आलं पाहिजे. नऊ व्होल्टची बॅटरी मात्र लावू नका, तिच्याने आतला चुंबक कमजोर होऊ शकतो.

डबी उघडायची वेळ आली तर झाकण फिरवून काढा. चकती नखाने वर उचकटू नका, बाजूला सरकवत काढा. तिला जराशी पोचट आली तरी आवाज बसतो. चकती काढलेली असेपर्यंत चुंबकाच्या टोकांवर लोखंडाचा एक तुकडा ठेवा आणि आसपास लोखंडाचा कीस असेल तर काम दुसऱ्या जागी करा.

आणि हो, जुना हेडफोन वाल्वच्या जुन्या रेडिओला कधीही जोडू नका. त्या काळच्या काही सेटमध्ये शंभराहून जास्त व्होल्ट हेडफोनच्या उघड्या स्क्रूंपर्यंत येत. क्रिस्टल रेडिओवर मात्र हा धोका नाही, कारण तिथे वीजच नाही.

दिल्लीचा उन्हाळा आणि हेडफोनची तब्येत

बेकेलाइट आणि लोखंडाचे हेडफोन चिवट असतात. त्यांना जपायचं ते ओलाव्यापासून. जुलै-ऑगस्टमध्ये चकतीवर गंज चढतो आणि तारेच्या सांध्यांवर हिरवट थर येतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दोनचार पुड्यांसोबत ठेवा. नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्या पुड्याही चालतील.

जुन्या क्रिस्टल इअरप्लगची गोष्ट वेगळी. त्यांत रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असतो. ५५ अंशांच्या आसपास तो कायमचा बिघडतो. मे महिन्यात नोएडा-गुडगावात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान सहज तिथे पोचतं. पावसाळ्यात तो हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतो आणि फार कोरड्या हवेत सुकून निकामी होतो. म्हणजे दिल्लीचे तिन्ही ऋतू त्याचे वैरी. नव्या इअरप्लगमध्ये सिरॅमिक असतं, त्याला हा त्रास नाही.

बाल्कनीत तार आणि कानात आकाशवाणी

आधी घरातला साधा रेडिओ मिडियम वेव्हवर, म्हणजे एएमवर लावून बघा. जे स्टेशन त्यावर दणदणीत येतं, तेच क्रिस्टल रेडिओवर येईल. दिल्लीत ८१९ किलोहर्ट्झ म्हणजे इंद्रप्रस्थ आणि ६६६ किलोहर्ट्झ म्हणजे राजधानी, या ओळखीच्या जागा. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी पुणे ७९२, मुंबईची १०४४ आणि ५५८, सांगली १२५१, नागपूर ५८५.

एरियलसाठी दहा-पंधरा मीटर प्लास्टिक आवरणाची तार बाल्कनीपासून गच्चीकडे किंवा झाडाकडे न्या. विजेच्या तारांपासून भरपूर लांब. वादळाची, विजांची चिन्हं दिसली की तार काढून ठेवा. पूर्वी अर्थसाठी नळाचा लोखंडी पाइप वापरत. आता फ्लॅटमध्ये पाइप प्लास्टिकचे झालेत, म्हणून बाल्कनीचा लोखंडी कठडा वापरून बघा. प्लगच्या तिसऱ्या भोकात तार घालण्याचा उद्योग करू नका.

मग पंखा बंद करा, टीव्ही बंद करा आणि रात्री जेवणं झाल्यावर हेडफोन लावून बसा. गँग अगदी हळू फिरवा. आधी शांतता, मग लांबून कोणी बोलतंय असं वाटतं आणि मग स्पष्ट आवाज येतो. आवाज मोठा करायचं बटण इथे नाही. मोठा करायचा तर आपण गप्प बसायचं, एवढाच उपाय. ज्यांना कमी ऐकू येतं अशा आजी-आजोबांना याचा आनंद कमी मिळेल, पण जुळवण्याच्या कामात त्यांच्याएवढा जाणकार घरात दुसरा नसेल. गँग त्यांच्या हातात द्या आणि कान मुलांचे ठेवा.

घाई करण्यासारखं एक कारण

एरवी कुठल्याही छंदाला 'सावकाश करा' असं मी म्हणते. या छंदाला तसं म्हणता येत नाही.

गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने देशभरातले अनेक मिडियम वेव्ह प्रक्षेपक बंद केले आहेत. कारणं समजण्यासारखी आहेत. ही यंत्रं जुनी झाली, त्यांना वीज फार लागते आणि ऐकणारे एफएमकडे व मोबाईल ॲपकडे गेले. आपण बिनविजेच्या रेडिओचं कौतुक करतो, पण खरं सांगायचं तर विजेचं बिल पलीकडे मनोऱ्यावर भरलं जात होतं. कित्येक किलोवॅट हवेत सोडले जात होते, म्हणून त्यातला एक कण आपल्याला फुकट मिळत होता.

एफएमची लहर वेगळ्या पद्धतीची असते, साध्या क्रिस्टल रेडिओला ती कळत नाही. ॲपला तर इंटरनेट लागतं. म्हणजे तुमच्या शहरातला मिडियम वेव्हचा मनोरा बंद झाला, की जगातला सगळ्यात चांगला २००० ओहमचा जोडही मुका होतो. तो कपाटात शोभेला ठेवता येईल, पण त्यातून बातम्या ऐकता येणार नाहीत. दिल्ली-मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या मुलांना आज हे प्रत्यक्ष ऐकवता येतं, तिथे वाट बघू नये असं मला वाटतं.

जतनाचं कामही घरापासूनच सुरू होतं. दिल्लीहून फार लांब नाही, अमरोहा जिल्ह्यात गजरौला भागात एका रेडिओप्रेमी गृहस्थांनी शेकडो जुन्या रेडिओंचं संग्रहालय उभारलं आहे. त्यातले कितीतरी रेडिओ कुठल्यातरी घराच्या माळ्यावरून, भंगाराच्या वाटेवरूनच आलेले असणार. आपल्याला शेकडो जमवायचे नाहीत. एक जोड पुरे. फक्त तो जिवंत ठेवायचा, त्याच्यासोबत एक चिठ्ठी ठेवायची. कुठे मिळाला, किती ओहमचा आहे, वायर कधी बदलली आणि कुठलं स्टेशन कुठल्या तारखेला ऐकलं. पुढे मनोरा राहिला नाही तरी ती चिठ्ठी राहील.

तर या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं खोकं उघडाल, तेव्हा काळ्या गोल डब्यांची जोडी किंवा डायलचा जुना फोन दिसतो का ते बघा. दिसलाच तर भंगारात देऊ नका. घरात कोणी रेल्वेत, टपाल-तार खात्यात किंवा सैन्यात होतं का, तेही विचारा. असे हेडफोन कामावर वापरलेली माणसं अजून आपल्यात आहेत आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. त्यांनी सांगितलेल्या आठवणी आणि तुमच्या हेडफोनचा फोटो आम्हाला जरूर पाठवा. निवडक आठवणी पुढच्या सदरात छापू.

तोवर, पंखा बंद, टीव्ही बंद, आणि कान तयार ठेवा!